गिगाबिट नको, पॅकेट मोजा

प्रश्न: लिनक्स राउटरवर आयपर्फ (नेटवर्कचा स्पीड मोजायचं टूल) लावला की पूर्ण 10 गिगाबिट येतात, पण खरं ट्रॅफिक आलं की पॅकेट ड्रॉप. कार्ड बदलू का?

कार्डाला कशाला दोष? आयपर्फ राउटरवरच चालवलात म्हणजे फॉरवर्डिंग (एकीकडून आलेलं पॅकेट दुसरीकडे पुढे पाठवणं) झालंच नाही, आणि त्यातून टीसीपीची मोठमोठी पॅकेट्स. राउटरला कष्ट पडतात ते दर पॅकेटला, मग ते छोटं असो की मोठं. 64 बाइटची फ्रेम (वायरवर जाणारं पॅकेट) आधीचे खुणेचे बाइट म्हणजे प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली गॅप धरून 84 बाइट होते, म्हणजे 10 गिगाबिटला सेकंदाला जवळपास 1.49 कोटी पॅकेट्स, एकेकाच्या वाट्याला 67.2 नॅनोसेकंद, 3 गिगाहर्ट्झच्या एका कोअरकडे जेमतेम 200 सायकल! 1518 बाइटच्या फ्रेम असतील तर हेच सव्वाआठ लाखांच्या आत. त्यामुळे टेस्टची पॅकेट्स सोडणारा जनरेटर वेगळ्या मशीनवर ठेवा, टीरेक्स घ्या नाहीतर कर्नलमधलं पीकेटीजेन, राउटर मधे, आणि आरएफसी 2544 (नेटवर्क उपकरणं तपासायच्या पद्धतीचा दस्तऐवज) सांगतं तसं एकही पॅकेट न पडता किती रेट झेपतो ते रेट वरखाली करून शोधा.

प्रश्न: 8 कोअर आहेत, पण एकच 100 टक्के, बाकीचे निवांत. असं का?

टेस्टमधे एकच फ्लो (त्याच दोन पत्त्यांमधला, त्याच पोर्टचा प्रवाह) सोडलाय ना? आरएसएस, म्हणजे कार्डातली पॅकेट वाटायची सोय, आयपी आणि पोर्टवरून हॅश काढून क्यू (पॅकेटची रांग) ठरवतं, एक फ्लो म्हणजे एक क्यू म्हणजे एक कोअर, त्यात सेटिंगचं काही चुकलेलं नाही. शेकडो सोर्स पोर्ट फिरवा. तरीही तसंच राहिलं आणि लाइन पीपीपीओईची (पॅकेट आणखी एका वेष्टनात गुंडाळणारं, युजरनेम-पासवर्डचं ब्रॉडबँड) असेल तर बऱ्याच कार्डांना आतला आयपी दिसतच नाही, सगळं एकाच क्यूत पडतं, तिथे आरपीएस (हीच वाटणी कर्नलमधे करणारी सोय) चालू करून बघा. आणि कर्नलची सॉफ्टनेट स्टॅटची फाइल (पॅकेट हाताळणीचे आकडे) उघडा, दर कोअरला एक ओळ, आकडे हेक्समधे, तिसरा कॉलम भराभर वाढत असेल तर तो कोअर काम अर्धवट टाकून उठतोय.

प्रश्न: सरळ डीपीडीके (कर्नलला वगळून प्रोग्रॅमनेच कार्डाची पॅकेट्स उचलायची लायब्ररी) टाकू का?

टाका, पण कोअर कायमचा पोलिंगला (पॅकेट आलंय का ते सतत बघत राहायला) जातो, ट्रॅफिक नसतानाही 100 टक्के दिसणार, आणि पॅकेट्स बघायच्या टीसीपीडंप टूलला ते कार्ड दिसणार नाही. मी तरी आधी एनएफटीचं (लिनक्सच्या फायरवॉलचं) फ्लोटेबल लावेन, कर्नल 4.16 पासून आहे, चालू कनेक्शनची पॅकेट्स नेहमीचा लांबचा रस्ता टाळून जातात. नवीन कनेक्शनचा मारा असेल तर मात्र त्याचा उपयोग शून्य.

प्रश्न: रिंग बफर (कार्डावर आलेली पॅकेट्स थांबायची जागा) 4096 केला, स्पीड तेवढाच!

तेवढाच राहणार. बफरने क्षणभराचा लोंढा सांभाळला जातो, कोअर काही जोरात पळत नाही, उलट लेटन्सी (पॅकेटला लागणारा उशीर) वाढते.