‘त्यात काय सांगायचं?’ म्हणणाऱ्या बाबांचं आयुष्य लिहिताना

प्रश्न : वडील 81व्या वर्षात आहेत. गाव पाटण तालुक्यातलं, नोकरी मुंबईत कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, संपानंतर गावी शेती आणि दरवर्षी वारी. सहस्रचंद्रदर्शनाला त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. फोन समोर ठेवून ‘सांगा बाबा’ म्हटलं, तर ‘कष्ट केले, पांडुरंगाने निभावलं’ एवढ्यात आटोपलं.

उत्तर : ‘सांगा’ म्हटलं की हेच येणार. विचारायचं ते वस्तूबद्दल आणि जागेबद्दल. कोरा कागद देऊन मुंबईतली पहिली खोली काढायला लावा: दार कुठे, मोरी कुठे, माळा होता का, ट्रंका कुठे रचलेल्या, कोण कुठे झोपायचं. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत एक पाळी उठली की दुसरी त्याच जागी आडवी व्हायची, त्यामुळे एकेका वळकटीबरोबर दोन-तीन नावं निघतात. खानावळ कुणाची, महिन्याचे किती, उधारी कुठे लिहायचे, हे आपोआप पुढे येतं.

कामाचं करून दाखवायला सांगा. किती साचे सांभाळायचे, बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी रोजापुरतं काम) किती वर्षं काढली, कायम कधी झाले हे विचाराच. पण त्याआधी हातात दोरा द्या आणि तुटलेला धागा जोडायची गाठ मारायला लावा. बोटं विसरलेली नसतात. साच्यांच्या खडखडाटात खुणांनी कसं बोलायचे, धोट्यातून (आडवा धागा नेणाऱ्या नावेसारख्या लाकडी तुकड्यातून) धागा कसा ओवायचे, तेही दाखवू द्या. एवढ्या भागाचा व्हिडिओ घ्या, बाकीच्याला आवाज पुरे.

श्रद्धेचंही तसंच. ‘तुमची भक्ती कशी’ या प्रश्नाला कीर्तनातलं वाक्य ऐकायला मिळेल. त्याऐवजी माळ कुणाच्या हातून घातली, तुटली तेव्हा काय केलं, रात्रपाळीत एकादशी आली तर डब्यात काय असायचं, दिंडी रथापुढची की मागची, वारीसाठी रजा कशी मिळवायचे, कोणत्या साली वारी चुकली आणि का, असं विचारा. चुकलेल्या वारीमागे बहुतेकदा घरातलं आजारपण, बाळंतपण किंवा कर्ज असतं.

संपाचा विषय तिसऱ्या बैठकीआधी काढू नका. काढलात तर ‘संपात काय झालं’ असं मोघम नको. गावाहून धान्य कोण आणायचं, कोणता दागिना गहाण पडला, इथून सुरुवात करा. ते थांबले तर तुम्हीही थांबा, शांतता भरायला घाई करू नका.

आणि आईला वेगळं बसवा. दोघं एकत्र असली की वडील बोलतात, आई मान डोलावते. ते गिरणीत असताना गावची शेती, सासू-सासरे आणि मुलांच्या शाळा जर तिने सांभाळल्या असतील, तर तो अर्धा संसार त्यांना माहीतच नाही.

बैठक 40 मिनिटांची, शक्यतो सकाळी. पंखा बंद, फोन विमान मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडापासून हातभर अंतरावर. टेबलावर तसाच ठेवला तर कपाचा प्रत्येक ठोका आवाजात उतरतो. त्याच दिवशी फाइलला तारीख आणि विषयाचं नाव द्या, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवा. तासाभराचं बोलणं उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात, तेव्हा समारंभाच्या आदल्या महिन्यात सुरुवात करू नका.

प्रश्न : दाखल्यावर जन्मतारीख 1 जून आहे, आजी मात्र ‘थंडीत झाला’ म्हणायची. लग्नाचं सालही नक्की नाही.

उत्तर : शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माची नोंद हाताशी नसायची, गुरुजी वय बसेल असं साल धरून 1 जून लिहून टाकायचे. राज्यभर अशा तारखा सापडतात. पत्रिका मिळाली तर तीच धरा. तीतल्या शके सालात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत 78 आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत 79 मिळवले की इसवी सन येतो. एक हजार पौर्णिमांना साधारण 80 वर्षं 10 महिने लागतात, म्हणजे पाच-सहा महिन्यांची चूक समारंभाच्या मुहूर्तातही शिरते.

लग्नासाठी खुंट्या शोधा. पाटणकडच्या माणसाला कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967ची पहाट, विसरता येत नाही. ‘तेव्हा लग्न झालं होतं का, कोण कडेवर होतं?’ असं विचारा. नंतर 1972चा दुष्काळ आणि 18 जानेवारी 1982ला सुरू झालेला गिरणी संप. वारीच्या आठवणींना 2020 उपयोगी पडतं, त्या वर्षी पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तरीही मेळ बसला नाही तर ‘भूकंपाच्या पुढच्या उन्हाळ्यात’ असंच छापा. अंदाजाने घातलेल्या तारखेपेक्षा ते खरं आहे.

प्रश्न : लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय.

उत्तर : ओढू नका, वाफ देऊ नका. ओल लागून फोटोवरचा थर काचेला धरतो. ओढला की चेहरेच काचेवर राहतात. मागचा पुठ्ठा काढा आणि काचेसकट 600 डीपीआयवर स्कॅन करा. सुट्या फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. लॅमिनेशन अजिबात नको.

प्रश्न : छपाईला किती पानं धरावीत?

उत्तर : डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाच्या आकाराच्या पानावर अडीचशे-तीनशे शब्द बसतात आणि फॉर्मा, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापायची पानं, 16 पानांचा असतो, म्हणून 32 किंवा 48. चाळीस करायला गेलात तर अर्ध्या फॉर्म्याचे पैसे वाया जाऊ शकतात. मजकूर युनिकोडमध्ये द्या, पण प्रेसवाला तो त्याच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतो तेव्हा ‘ऱ्या’, रफार आणि ‘ॲ’ मोडतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावरच वाचा. नात्यांची पानं घरातल्या सर्वांत थोरल्या आत्याला मोठ्याने वाचून दाखवा; माहेरची आणि सासरची नावं उलटसुलट झालेली तिलाच कळतील.