“ताई, याला परत पाठवून द्यावं का?”

मी समुपदेशक. सुलभाताईंनी माझ्यासमोर खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. त्यांचे यजमान दाराशीच उभे राहिले. (नावं आणि काही तपशील बदलले आहेत.)

नऊ वर्षांचा ओंकार बालकल्याण समितीच्या आदेशाने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक न घेता काही काळ घरात सांभाळण्यासाठी, त्यांच्याकडे येऊन सात महिने झाले होते. शाळेत रुळला होता. रात्री “मावशी, इथंच बस” म्हणत झोपायचा. आणि रविवारी त्याने जाऊबाईंच्या पाच वर्षांच्या मुलीला माडीवर नेऊन कपडे काढायला सांगितलं, वर “कुणाला सांगायचं नाही” असं बजावलं. जाऊबाई वेळेत वर पोचल्या. आरडाओरडा झाला, त्याला दोन थपडा बसल्या. तेव्हापासून तो धड जेवत नव्हता.

मी आधी त्या छोटीबद्दल विचारलं. त्या गोंधळात तिच्याजवळ कुणी बसलंच नव्हतं. तुझं काहीच चुकलं नाही, हे तिला आईच्या तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं. तेही एकदाच, शांतपणे, उलटतपासणी न करता. तिच्यासाठी वेगळ्या समुपदेशकाची वेळ घेतली.

मग ओंकार. एकाच वयाची लहान मुलं शरीराबद्दल कुतूहल दाखवतात, हसतात, हटकलं की दुसऱ्या खेळाला लागतात. त्यात घाबरण्यासारखं नसतं. इथे मात्र चार वर्षांचं अंतर होतं, एकांत शोधला होता आणि गुपित ठेवायला सांगितलं होतं. त्यामुळे “पोरं आहेत, चालायचंच” म्हणून सोडून देण्याजोगं हे नव्हतं. पण म्हणून तो ‘तसलाच’ ठरतो, हेही मला अजिबात मान्य नाही.

“त्या क्षणी मी काय करायला हवं होतं?” सुलभाताईंनी विचारलं. आवाज न चढवता थांबवायचं. “थांब. हे चालणार नाही. तू माझ्याजवळ ये, ती आईजवळ बसेल.” एवढंच. “कुणी शिकवलं तुला हे?” असं खोदून विचारायचं नाही. चार जणांनी चार वेळा विचारलं की मूल समोरच्याला हवं ते उत्तर देऊ लागतं, आणि पुढच्या चौकशीत खरं काय ते हाती लागत नाही. ते आपणहून काही बोललं तर त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवायचं.

आम्ही घराचे नियम ठरवले, आणि ते सगळ्यांसाठी, यजमानांसकट. प्रत्येकाचं अंथरूण वेगळं. न्हाणीघरात एका वेळी एकच. मुलं खेळताना दार उघडं आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. मोबाइल फक्त ओटीवर, सगळ्यांसमोर. शरीराच्या अवयवांना सरळ नावं. खरं तर हे नियम मूल घरी येतं त्या पहिल्या दिवशीच सांगावेत. तेव्हा ती शिक्षा वाटत नाही, घराची रीत वाटते.

चौथ्या भेटीत चित्र काढता काढता ओंकार बोलला. आधी ज्या नातेवाइकांकडे राहायचा, तिथला एक मोठा मुलगा रात्री त्याला मोबाइलवर घाणेरडे व्हिडिओ दाखवायचा. असं वागणाऱ्या प्रत्येक मुलावर अत्याचारच झालेला असतो असं नाही. कधी नुसती आबाळ असते, कधी घरातली मारहाण. पण ओंकारने जे सांगितलं ते कळवणं पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे माझ्यावर बंधनकारक होतं. मी पोलिसांना कळवलं. माडीवरचा प्रकारही पोलिसांना आणि समितीला सांगितला, काही लपवलं नाही.

“यालाच धरून नेतील का?” सुलभाताईंचे हात थरथरत होते. भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाची कृती गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा या वयात त्याला आपण काय करतोय याची पुरेशी समज होती का, हे पाहिलं जातं, असं मी त्यांना समजावलं.

त्याच्या फाईलमध्ये त्या नातेवाइकांकडच्या मुक्कामाबद्दल जेमतेम एक ओळ होती. म्हणून आता मी प्रत्येक फॉस्टर पालकाला सांगते, की मूल घरी आणण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात बसून विचारा: ते कुठे झोपायचं, कुणासोबत, मोबाइल कुणाच्या हातात असायचा?

ओंकार सुलभाताईंकडेच आहे. जाऊबाई अजून मुलीला घेऊन येत नाहीत, आणि मी त्यांना आग्रह करत नाही. सुलभाताईच त्यांच्याकडे जाऊन येतात. गेल्या भेटीत ओंकारने मला विचारलं, “ती माझ्यावर रागावलीय का?” आम्ही तासभर त्यावरच बोललो.