मान कोणाचा, भार कोणावर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या रीतिभातींवर तू लिहिलेले लेख सावकाश वाचले. तुझी नजर तीक्ष्ण आहे आणि वाक्याला धारही आहे. परंतु ती बऱ्याचदा भलत्याच माणसावर चालली आहे, आणि हे तुला वेळीच सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. मंगल कार्यालयात ताट शिगोशीग भरून घेणाऱ्या पाहुण्याची तू यथेच्छ थट्टा केली आहेस. तो पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यातून रात्रपाळी करून तसाच लग्नाला आलेला असू शकतो, हे तुझ्या मनातही आले नाही. त्याच मांडवात वरपक्षाच्या मानपानासाठी वधूपित्याने काढलेल्या कर्जाबद्दल मात्र लेखात एक अक्षर नाही.

शिष्टाचारावर लिहू पाहणाऱ्याने कोणत्याही रीतीला आधी हे विचारावे, की तिच्यातून मान कोणाला मिळतो आणि तिचा भार कोण वाहतो. आपल्याकडचा जेवणातला आग्रहच घे. पाहुण्याला संकोच वाटू नये म्हणून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत पंगतीतून फिरणारा यजमान मला मनापासून आवडतो, आणि ही रीत टिकावी असेही वाटते. पण तू एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून पाहा. बाहेर ‘अजून एक वाढा’ म्हटले, की आत पुन्हा परातीत पीठ ओढले जाते, हाताने भाकरी थापली जाते, तव्यावर पाणी फिरते. आणि शेवटचा पाहुणा विडा घेऊन उठल्यावर घरची सून गार भाकरीवर शेंगाचटणी घेऊन बसते. आग्रह यजमानाचा आणि कष्ट तिचे, हे ज्या लेखात दिसत नाही तो लेख अपुरा आहे. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’मध्ये सगळी बंधने बाईलाच का, असे ठणकावून विचारले होते, रीतिभातींवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते छोटेखानी पुस्तक वाचलेच पाहिजे.

आपल्या गावात मान या गोष्टीचा अभ्यास करायला गड्ड्याच्या यात्रेइतकी चांगली जागा नाही. संक्रांतीच्या दिवसांत ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच, जड काठीचे ध्वज स्वतः पेलत गावातल्या अडुसष्ट शिवलिंगांच्या वाटेवर चालतात. हा मान निरनिराळ्या समाजांत वाटलेला आहे, आणि ज्याला तो मिळतो त्याच्या अंगावर ओझेही येते. याउलट आपल्या सभागृहांतले सत्कारसमारंभ पाहा. निमंत्रणपत्रिकेवर नावांची रांग, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, एकाच्या सत्कारानंतर दुसऱ्याचा सत्कार. तबक धरून उभी असलेली कार्यकर्ती मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत असते, आणि ज्याचे व्याख्यान ऐकायला लोक आले तो वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगांतली माणसे शेवटच्या गाडीसाठी उठू लागलेली असतात. तुझ्या विनोदाला साजेसे लक्ष्य हे आहे, कारण इथे मान घेणारा खुर्चीत बसलेला आहे आणि त्याला तुझा चिमटा सोसण्याची ताकदही आहे.

टीकेचा अधिकार कोठून येतो, हे लोकहितवादींकडून, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांकडून शिकावे. 1848 साली ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ते पत्रे लिहू लागले तेव्हा ते पंचविशीचे होते, म्हणजे साधारण तुझ्याच वयाचे; स्वतः ब्राह्मण असून त्यांनी सर्वांत कठोर शब्द ब्राह्मणांसाठीच राखून ठेवले. तू मात्र आपल्या घरातल्या रीतींना अजून हात लावलेला नाहीस. वयाने वडील असलेल्या मोलकरणीला तुमच्याकडची लहान मुले अरे-तुरे करतात का, तिचा कप वेगळा ठेवला जातो का, हे आधी तपास आणि तेथून लिहायला सुरुवात कर. आणखी एक गोष्ट आपल्याच मातीतली आहे. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांनी जटा वाढवून, वस्त्रे रंगवून मठाची उठाठेव करणाऱ्याला पदातून थेट समोर उभे करून प्रश्न विचारला. पाठीमागे कुजबुज केली नाही. तुझे लेख अजून कुजबुजतात. ‘काही लोक’, ‘एक वर्ग’ असे मोघम शब्द काढून टाक आणि ज्याला विचारायचे त्याला सरळ विचार.

मात्र तू लिहिलेला नवी पेठेतल्या त्या कुटुंबाचा प्रसंग छापण्यापूर्वी पेठ, दुकान आणि नातेसंबंध बदल. आपल्या गावात दोन खुणा दिल्या तरी माणूस ओळखू येतो, आणि त्या घरातल्या मुलीचे लग्न अजून ठरायचे आहे. तेवढी दुरुस्ती करून तो मजकूर मला पुन्हा पाठव.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक