शेजारी बसलं की येतं, पेपरात येत नाही

पत्र:
मावशी, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगी पंधरा वर्षांची. सहावीत असताना तिला शाळेतून काढलं, तेव्हापासून मी घरीच शिकवते. एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, दहावी करायचं ठरलंय. भाषा, विज्ञान, चित्रकला सगळं छान चाललंय, घोडं अडलंय ते बीजगणितापाशी. मी शेजारी बसले की गणितं भराभर सोडवते. पण दर रविवारी मी चाचणी घेते, त्यात पंचवीसपैकी सहा, आठ, फार तर दहा. पेपर हातात आला की म्हणते, 'आई, मला काहीच आठवत नाहीये.' मग रडारड. परवा तर म्हणाली, 'हे अ-ब-क करून कुणाचं भलं झालंय?' सासूबाई रोज ऐकवतात की शाळेत असती तर ही वेळ आली नसती. मिस्टर म्हणतात, कॉलेज रोडला क्लास लाव. मला वाटतं गणित विषयच सोडून द्यावा. मी कॉमर्सची. मीच कमी पडतेय का?
— एक आई, नाशिक

उत्तर:
तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच अडकले. 'मी शेजारी बसले की भराभर सोडवते.' तुम्हाला हा दिलासा वाटतोय. मला वाटतं, दुखणं इथेच आहे.

उद्या ती गणित सोडवताना जरा स्वतःकडेच लक्ष ठेवा. ती एक पायरी लिहिते, पेन थांबतं, ती तुमच्याकडे बघते. तुम्ही 'हं' म्हणता. ती पुढे जाते. कुठे चुकलीच तर तुम्ही 'चिन्ह बघ' एवढंच म्हणता. अगदी गप्प बसलात तरी तुमच्या भुवया बोलत असतात, आणि पंधरा वर्षं त्या वाचत आलेल्या तिचा त्यात कुणी हात धरणार नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही एक ब्रेक असतो ना, तसं हे चाललंय. गाडी नीट चालते, पण ती कोण चालवतंय हे कळत नाही. पेपरात तो दुसरा ब्रेक नसतो. 'काहीच आठवत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'हे बरोबर आहे असं सांगणारं कुणी नाही' इतकाच असतो. तेव्हा तुम्ही कमी पडत नाही आहात, थोड्या जास्तच पुरता आहात.

म्हणून आधी खुर्ची बदला. नवीन गोष्ट समजावताना बसा की शेजारी, हवं तेवढं समजवा. सराव सुरू झाला की मात्र उठायचं आणि दुसऱ्या खोलीत जायचं. ती 'आई, बरोबर आहे का?' म्हणून ओरडेल. तुमचं उत्तर एकच: 'ताळा कर.' आलेली किंमत मूळ समीकरणात घालायची आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. बीजगणिताची ही मोठी सोय आहे. निबंध बरोबर आहे की नाही हे दुसऱ्याला विचारावं लागतं, समीकरणाचं उत्तर स्वतःच तपासता येतं. ही सवय लागली की परीक्षेत तुमच्या 'हं'ची जागा ताळा घेईल. पहिले काही दिवस ती चिडेल, वेळही दुप्पट लागेल. लागू द्या.

पुढचे दोन रविवार चाचणी नको. त्याऐवजी जुने पेपर काढा आणि दोघी मिळून चुका निवडा. मार्कांकडे बघायचंच नाही. सुरुवात कुठून करायची हेच कळलं नाही, ती गणितं एका रंगाने. रीत माहीत होती पण वाटेत घसरली, ती दुसऱ्या रंगाने. वेळ संपला म्हणून कोरी राहिली, ती तिसऱ्या. या तिन्हींवर औषध वेगळं आहे आणि 'आणखी सराव कर' हे तिन्हींवरचं औषध नाही. माझा अंदाज, दुसरा रंग जास्त दिसेल, आणि त्यातही त्याच त्या दोन-तीन चुका. कंसाआधी वजा असताना कंस सोडवणं ही त्यांतली नेहमीची. ५ − (२अ − ३) याचं मुलं ५ − २अ − ३ करून टाकतात. वजा चिन्ह आतल्या पहिल्या पदाला लागतं, दुसऱ्याला विसरतं. तिला अ च्या जागी १ घालून बघायला सांगा. मूळ राशीची किंमत ६ येते, तिच्या उत्तराची ०. मग ५ − २अ + ३, म्हणजे ८ − २अ करून बघू दे, ६ येतात. तसंच (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, ही चूक. २ आणि ३ घातले की एकीकडे २५, दुसरीकडे १३. आकडे घालून स्वतः पकडलेली चूक डोक्यात राहते, तुम्ही लाल पेनाने पकडलेली राहत नाही.

बीजगणिताच्याही आधीपासून, म्हणजे साधी बेरीज-वजाबाकी, घड्याळ, सुटे पैसे यांतही तिचा सतत गोंधळ होत असेल, तर मात्र अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. तसं निघालंच तर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळू शकतात. पत्रावरून तरी मला तसं वाटत नाही.

आता पहिल्या रंगाबद्दल. आपली पुस्तकं एक गंमत करतात. उदाहरणसंग्रहाच्या डोक्यावरच लिहिलेलं असतं, 'पुढील वर्गसमीकरणे अवयव पद्धतीने सोडवा.' खालची सगळी गणितं त्याच रितीची. म्हणजे कोणती रीत वापरायची हा निम्मा विचार पुस्तकानेच करून दिला. पेपरात एका खाली एक रेषीय समीकरणं, वर्गसमीकरण, अंकगणिती श्रेढी असं सगळं येतं आणि रीत आपल्याला ओळखावी लागते. तिने हे कधी केलेलंच नाही. झालेल्या सगळ्या प्रकरणांतली गणितं चिठ्ठ्यांवर लिहा आणि एका डब्यात टाका. रोज पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येकीला फक्त 'हे कोणत्या प्रकारचं, पहिली पायरी कोणती' एवढंच सांगायचं, पूर्ण सोडवायचं नाही. सोडवायला दोन पुरे. गणितं कमी पडली तर बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बोर्ड वेगळं असलं तरी बीजगणित तेच आहे.

क्लासबद्दल मिस्टरांशी मी भांडणार नाही, पण आत्ता नको. साठ मुलांच्या क्लासात फळ्यावरचं उतरवून घेणं तिला उत्तम जमेल आणि रोग तसाच राहील. त्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस तिला एखाद्या अभ्यासिकेत पाठवा. नाशकात त्या जागोजागी आहेत. घरी शिकलेल्या मुलांना अनोळखी हॉल, शेजारी पानं उलटणारी मुलं, भिंतीवरचं घड्याळ यांतलं काहीच माहीत नसतं. परीक्षा केंद्रावर हे सगळं एकदम अंगावर येण्याआधी थोडं अंगवळणी पडलेलं बरं.

'अ-ब-क करून कुणाचं भलं झालंय' हा प्रश्न मला आवडला. तिला कापरेकरांबद्दल सांगा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, आपल्या देवळालीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेले मास्तर. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या संख्येची गंमत सापडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच (ती तीन अंकी आली तर आधी शून्य धरून). ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४ च. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तिथे पोचतोच. ती दोन-चार संख्या करून बघेल, मग तिला विचारा, प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो? हजारो संख्या तपासत बसली तरी याचं उत्तर मिळणार नाही. अंकांना उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड म्हटलं की वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) होते, आणि दोन ओळींत काम फत्ते. यातून मार्क वाढणार नाहीत, पण प्रश्नाला उत्तर मिळेल.

गणित सोडून द्यायचं का? एनआयओएसमध्ये दहावीला किमान पाच विषय आणि त्यात एक तरी भाषा लागते, गणित सक्तीचं नाही. तेव्हा वाट आहे. पण पुढे विज्ञान शाखेचा विचार असेल तर ती महागात पडेल, आणि घाबरून घेतलेला निर्णय नंतर बोचतो. शिवाय घाई कुणाला आहे? एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा वर्षातून दोन परीक्षा असतात, नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेले विषय जमा राहतात. बाकीचे विषय आधी उरकून गणित मागून एकटं देता येतं. हे तिलाही स्पष्ट सांगा. एकच रविवार, एकच पेपर, सगळं त्यावरच, असं तिच्या मनाने घेतलंय.

राहिल्या सासूबाई. शाळेत जाऊनही बीजगणितात आपटणारी पोरं त्यांच्या नात्यातच चार सापडतील, पण ते बोलून दाखवू नका. चाचण्या पुन्हा सुरू कराल तेव्हा पर्यवेक्षक म्हणून त्यांनाच बसवा. हातात घड्याळ द्या, उत्तरपत्रिका ठरल्या वेळी हिसकावून घ्यायचा अधिकार द्या. बीजगणित त्यांना येत नसेल तर फारच उत्तम, त्यांच्या भुवयांवरून नातीला काही कळणार नाही. आणि चाचणीच्या त्या वेळात तुम्ही मात्र घरात थांबू नका.