होम, होमे आणि बुरशीचं चीज

एका बाईंचा प्रश्न आलाय. मुलीकडे एस्पोला, म्हणजे हेलसिंकीच्या शेजारच्या गावी, त्या गेल्या होत्या. दुकानात चीजच्या पाकिटावर सुरुवातीलाच एच-ओ-एम-ई ही चार अक्षरं दिसली. घरगुती दिसतंय म्हणून उचललं. घरी येऊन उघडलं तर आत निळसर-हिरवे डाग. खराब माल म्हणून परत द्यायला निघाल्या, तेव्हा मुलगी हसायलाच लागली. पाकिटावर छापलेल्या त्या शब्दाचा अर्थच मुळी बुरशी! आता बाई विचारतात : इंग्रजी 'होम' आणि फिन्निशमधला हा शब्द मुळात एकच का? आणि आपल्या होमहवनाशी यांचं काही नातं?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. पण एवढ्यावर सोडवत नाही, कारण त्या पाकिटावर नातं आहेच, फक्त शब्दाच्या दुसऱ्या अर्ध्यात.

आधी उच्चार. फिन्निशमध्ये लिहिलेलं प्रत्येक अक्षर बोलायचं असतं. म्हणून हा शब्द 'होमे', आणि पाकिटावरचा पूर्ण शब्द 'होमेयूस्तो'. 'यूस्तो' म्हणजे चीज. होमे मात्र फक्त चीजपुरतं राहत नाही. थंड हवेचा देश, बंदिस्त इमारती, भिंतीत ओल मुरली की बुरशी धरते. तिकडे हा नेहमीचा डोकेदुखीचा विषय आहे. बुरशी लागलेल्या घराला 'होमेतालो' म्हणतात, बुरशीपायी आजारी पडलेल्या शाळेला 'होमेकोउलू'. हा शब्द पाहून 'होम स्कूलिंग' समजणारे आपले लोक मी पाहिलेत. आणि 'होमेकोइरा' म्हणजे घरचा कुत्रा नव्हे. भिंती हुंगून आतली बुरशी कुठे आहे ते दाखवायला शिकवलेला कुत्रा. असे कुत्रे तिथे खरोखरच कामाला असतात.

आता इंग्रजी होम. जुन्या इंग्रजीत हा शब्द होता 'हाम'. शेवटी 'ई' नाही, मधे 'ओ' नाही. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या गावांच्या शेपटीत तो अजून जुन्या वेशात बसलाय. पुढे त्या लांब 'आ'चा 'ओ' झाला, आणि तो एकट्या याच शब्दात झाला नाही. 'स्तान'चं स्टोन झालं, 'बान'चं बोन, तसंच 'हाम'चं होम. जर्मनमध्ये याच तिघांची रूपं श्टाइन, बाइन आणि हाइम. (जर्मन 'बाइन'चा अर्थ सरकत सरकत पाय झालाय, पण शब्द तोच.) शेवटचा 'ई' ही केवळ लिहिण्याची रीत, आधीचा स्वर लांब आहे हे दाखवायला. तो कुणी उच्चारत नाही.

म्हणजे हजार वर्षांपूर्वी हे दोन शब्द शेजारी ठेवले असते तर कुणाला एकसारखे वाटलेही नसते. इंग्रजी शब्द फिरत फिरत त्या चार अक्षरांवर येऊन थांबला, एवढंच. फिन्निश 'होमे'चीही एक गंमत आहे. त्याच्या शेवटी पूर्वी एक व्यंजन होतं, ते झिजलं. त्याची खूण अशी की विभक्ती लागली की शेवटचा 'ए' लांबतो : होमेएन म्हणजे बुरशीचा, होमेएस्सा म्हणजे बुरशीत.

आपला होम आणखी तिसऱ्याच घरचा. संस्कृत 'हु' धातू, 'जुहोति'मधला, त्याचा अर्थ अग्नीत ओतणं, आहुती देणं. मूळ कल्पना जाळण्याची नाही, ओतण्याची. जर्मनमध्ये ओतण्याला 'गीसन' म्हणतात, तो याचा दूरचा भाऊबंद. तेव्हा होम करताना हात पोळतो तो तुपाच्या धारेपायी, असं म्हणायला हरकत नाही.

मग नातं कुठंय? मुलीला एक वाक्य म्हणायला सांगा : 'लेइपा ऑन होमेएस्सा.' (पहिल्या शब्दातला 'पा' हा 'पॅ'कडे झुकणारा.) शब्दशः, पाव बुरशीत आहे, आपण म्हणू, पावाला बुरशी आलीय. इंग्रजी डोळ्याला यात 'ऑन' आणि 'होम' लगेच दिसतात, आणि ते दोन्ही चकवे. 'ऑन' म्हणजे 'आहे'. ज्याच्याकडे लक्षच जात नाही तो 'लेइपा' मात्र खरा नातलग. तो जुन्या जर्मानिक 'ह्लाइबाझ'वरून फिन्निशमध्ये आला, आणि त्याच शब्दाचं इंग्रजीत 'लोफ' झालं. यूस्तोही तसाच, उत्तर जर्मानिक भाषांकडून घेतलेला. पाकिटावर फिन्निशखाली स्वीडिश नाव असतं, त्याच्या शेवटी ओ-एस-टी ही अक्षरं शोधा. तोच शब्द, सुरुवातीचा 'य' गळलेला.

इंग्रजी 'होम'चाही एक नातलग फिन्निशमध्ये आहे, पण वेश बदलून : 'हेइमो', म्हणजे जमात. सावो, कारेलिया अशा भागांतल्या लोकांना तिकडे हेइमो म्हणतात. हा शब्द बाल्टिक भाषांतून आला असं मानतात. लिथुआनियनमध्ये 'शेइमा' म्हणजे कुटुंब. इंग्रजीत 'ह' तिथे लिथुआनियनमध्ये 'श', हा मेळ योगायोगाचा नाही. हंड्रेडला लिथुआनियनमध्ये 'शिम्तास' म्हणतात आणि संस्कृतात शत. दहा शब्दांत तोच बदल त्याच जागी सापडला की मी नात्यावर विश्वास ठेवतो. एका शब्दाच्या स्पेलिंगवर ठेवत नाही.

शतावरून आठवलं. फिन्निशमध्ये शंभरला 'सता' म्हणतात. भाषा आपल्या कुळातली नाही, तरी हा शब्द आपल्या बाजूचा : हजारो वर्षांपूर्वी इंडो-इराणी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून तो उचललेला आहे. हातोड्याला 'वसरा' म्हणतात, तो वज्राचा सोयरा. तेव्हा फिन्निशमध्ये आपलं काही शोधायचंच असेल तर होम सोडा आणि शंभरपर्यंत आकडे मोजा.

आणि घरगुती चीज हवं असेल तर पाकिटावर 'कोती'ने सुरू होणारा शब्द पाहा. फिन्निशमध्ये घर म्हणजे कोती. आता कृपा करून कोत्या मनाशी त्याचा संबंध विचारू नका.