किरणोत्सार शिकायचाय? केळ्यापासून सुरुवात कर

भाऊ, लगेच युरेनियमच्या मागे लागू नकोस. आपल्या रावेर-यावलच्या केळ्यातलं पोटॅशियम घे. त्याच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक किरणोत्सारी, म्हणजे आपोआप बदलत कण किंवा किरण बाहेर टाकणारा, पोटॅशियम-40 असतो. बहुतेक वेळा त्याच्या केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, अणुअंक (प्रोटॉनची संख्या) 19 चा 20 होतो: कॅल्शियम-40 तयार! वस्तुमानांक (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून संख्या) तोच, 40. हे समीकरण वहीत स्वतः मांड, वर वस्तुमानांक, खाली अणुअंक लिही आणि दोन्हींची बेरीज दोन्ही बाजूंना जुळव. एवढं हातात बसलं की अर्धं काम झालं.

अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ, इथे सुमारे 125 कोटी वर्षं. दोन अर्धायुष्यांनंतर सगळं संपत नाही, पाव भाग उरतो. इथे भलेभले चुकतात. (केळी बिनधास्त खा, जास्तीचं पोटॅशियम शरीर बाहेर टाकतं.)

विखंडन, म्हणजे जड केंद्रक फुटणं, मग घे. अणुभट्टीत ते न्यूट्रॉनच्या धडकेने घडतं, पोटॅशियमचा हा ऱ्हास (केंद्रकाचं बदलणं) मात्र आपोआप.