पाचशे मेगापास्कल गेले कुठे?

प्रश्न : मी पुण्यात एम.टेक. करतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या एपॉक्सीनं जोडून मशीनवर ओढल्या, तर सांधा २० मेगापास्कलला सुटतो. त्याच सांध्याचं मॉलिक्युलर डायनॅमिक्स (रेणूंच्या हालचालींचं संगणकी) मॉडेल ५०० सांगतं. तो आकडा फायनाइट एलिमेंटमधल्या (वस्तूचे छोटे तुकडे पाडून केलेल्या गणितातल्या) कोहेसिव्ह झोनला, म्हणजे भेग उघडते त्या भागाला दिला, की गणित मध्येच अडकतं. चूक कुठे?

उत्तर : दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, घोळ आहे तो अदलाबदलीत. तुमच्या रेणूंच्या मॉडेलची पेटी जेमतेम १० नॅनोमीटरची. तीत ना हवेचा बुडबुडा, ना बोटाचा तेलकट ठसा. ती सेकंदाला १ मीटर वेगानं ओढली तर स्ट्रेन रेट (ताणण्याचा वेग) होतो सेकंदाला १० कोटी. मशीनवर मिनिटाला १ मिलिमीटर आणि गोंदाचा थर ०.२ मिलिमीटर धरला, तर तो फार तर ०.०८. अब्जपट घाईत एपॉक्सीच्या साखळ्यांना सरकायला वेळच मिळत नाही. उलट तुमचे २० म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. लॅप सांध्यात (टोकं एकमेकांवर ठेवून जोडलेल्या) पट्ट्या वाकतात, टोकांशी स्ट्रेस सरासरीच्या बराच वर जातो. म्हणून तोही इंटरफेसचा (धातू आणि गोंद भेटतात त्या सीमेचा) गुणधर्म नव्हे.

गंमत अशी, की ऊर्जेचा हिशोब नेमका उलटा येतो. रेणूंच्या मॉडेलमध्ये पृष्ठभाग विलग करायला चौरस मीटरला साधारण ०.१ ज्यूल लागतात, तर डबल कँटिलिव्हर बीम चाचणीत (चिकटवलेल्या दोन पट्ट्या एका टोकाकडून उघडत नेतात तीत) शेकडो. मधली ऊर्जा भेगेच्या टोकाशी एपॉक्सी प्लास्टिकपणे ताणण्यात जाते, आणि तो भाग तुमच्या पेटीत मावतच नाही.

गणित का अडकतं ते हातानं करून बघा. कोहेसिव्ह झोनची लांबी अंदाजे यंग मॉड्युलस (ताठरपणा) गुणिले फ्रॅक्चर ऊर्जा, भागिले स्ट्रेंग्थचा वर्ग. ३ गिगापास्कल, चौरस मीटरला ३०० ज्यूल आणि ३० मेगापास्कल घेतले तर १ मिलिमीटर येते. त्यात पाच एलिमेंट बसवायला ०.२ मिलिमीटरची जाळी पुरते. ३० च्या जागी ५०० टाका, लांबी ३.६ मायक्रॉनवर येते. तुमची जाळी तिला पकडू शकत नाही. मग स्ट्रेंग्थ आणि ऊर्जा चाचणीतूनच घ्या. रेणूंच्या मॉडेलला तुलना विचारा : सिलेन (गोंद आणि धातू जोडणारं रसायन) लावल्यानं किंवा पाणी शिरल्यानं विलग करण्याचं काम किती टक्के बदलतं?

दोन गोष्टी आधी तपासा. शुद्ध ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग घेतला असेल तर मॉडेल बाद. खऱ्या पट्टीवर काही नॅनोमीटर ऑक्साइड आणि त्यावर हायड्रॉक्सिल असतात. (पुण्यातल्या जुलैत पट्टी घासून रात्रभर उघडी ठेवलीत, तर वर पाणीही!) दुसरं, तुटलेल्या पट्ट्या भिंगाखाली धरा. दोन्हींवर एपॉक्सी चिकटलेलं दिसलं तर भेग गोंदातून गेली आहे, इंटरफेसमधून नाही. मग इंटरफेसचं मॉडेल कितीही सुधारलं तरी उत्तर हलणार नाही.

प्रश्न : रेणूंच्या मॉडेलमध्ये हार्मोनिक (स्प्रिंगसारखे) बंध वापरले तर चालेल?

उत्तर : साखळी नुसती ओढून निघते तिथे चालेल. हे बंध कधीच तुटत नाहीत. तुटणं पाहायचं असेल तर रिॲक्स एफएफ (बंध तुटू-जुळू देणारं बलांचं सूत्र) वापरा, पण टाइमस्टेप (गणितातली वेळेची पायरी) १ फेम्टोसेकंदावरून ०.२५ वर आणा.